गडी कोणाचा?

होळीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून माणसं घरी परतली, की सुरगाणा तालुक्यात हुतूतूचे सामने लागायचे. कापणी झालेलं एखादं खाचर निवडायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची, राखेनं रेघा ओढायच्या. अंधार पडला की चार बांबूंना गॅसबत्त्या टांगायच्या, झालं मैदान तयार. सत्तरच्या दशकातल्या त्या रात्री मी जागून काढल्या आहेत. उंबरठाण, बोरगाव, बाऱ्हे, पळसन, बुबळी, कुठकुठले संघ चालत यायचे. डांगातून, आहवा-वघईकडूनही यायचे. डांग १९६० साली गुजरातेत गेला, पण सोयरिकी काही तुटल्या नाहीत. पलीकडचा संघ म्हणजे कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी मेहुणा.

गडी कोणाचा, हा प्रश्न तेव्हा पडत नसे. ज्या पाड्यावर त्याची चूल, त्या पाड्याचा तो गडी. संघाला वेगळं नाव नव्हतं, रंगीत बनियन नव्हती. एक संघ उघड्या अंगानं खेळायचा, दुसरा अंगात कपडे घालून, म्हणजे पंचाला ओळखू यावं. चढाईला निघालेल्या पोराची आई कडेला बसलेली असायची, आणि पकड झाली की तिचा आवाज पंचाच्या शिट्टीच्याही वर जायचा. जिंकलेल्या संघाला ढाल मिळे. कधी बोकड मिळे, आणि तो बोकड त्या रात्री हरलेले नि जिंकलेले एकाच पंगतीत बसून संपवत. सामन्याची चर्चा मग पावसाळ्यापर्यंत पुरायची. नागली लावताना चिखलात उभी राहून माणसं म्हणायची, त्या शेवटच्या चढाईला तो उजवीकडं वळला असता तर!

ते दिवस मला प्रिय आहेत, आणि म्हणूनच त्यातली एक गोष्ट लपवावीशी वाटत नाही. आमच्या गावचा एक चढाईबहाद्दर होता. त्याच्यासारखा पायात टाच मारून निसटणारा गडी मी नंतर पडद्यावरही फारसा पाहिला नाही. एका वर्षी तो मामाच्या गावाकडून खेळला. त्यांनी त्याला भाताची पोती दिली होती. गाव चिडलं. त्याच्याशी कुणी बोलेना, पुढच्या वर्षी त्याला संघात घेतलं नाही. त्याच्या घरी लहान भावंडं होती आणि आखाडापर्यंत पुरेल एवढं धान्य नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गाव चिडलं. गावानं त्याला कधी मूठभर नागलीही दिली नव्हती. दिल्या होत्या त्या टाळ्या. पुढं तो दिवाळीनंतर बागांत कामाला जाऊ लागला आणि होळीलाही येईनासा झाला. कमरेत वाकेपर्यंत तो दुसऱ्याच्या द्राक्षांखाली उभा राहिला. मैदान सोडून मजुरीला गेला, तेव्हा मात्र त्याला कुणी फितूर म्हणालं नाही.

आता माझा नातू नाशिकला शिकतो. दिवाळीत घरी आला की रेंज मिळावी म्हणून मोबाइल घेऊन टेकडीवर जाऊन बसतो, आणि बघतो काय, तर कोरियाचे सामने. मैदानावरचे नव्हेत. पाच पोरं एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला, कानावर हेडफोन, समोर संगणक. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा तो खेळ. नकाशावर दोन तळ असतात, आणि जो संघ दुसऱ्याचा तळ फोडतो तो जिंकतो. मी त्याच्याशेजारी बसून बघायला लागलो, प्रश्न विचारत गेलो, आणि त्यानं सांगितलेली एक हकीकत ऐकताना मला थेट आमचं खाचर दिसलं.

१९ ऑक्टोबर २०१४. सोलच्या विश्वचषक फुटबॉल स्टेडियमवर या खेळाची जागतिक अंतिम लढत झाली. सॅमसंग व्हाइट या कोरियाच्या संघानं चीनच्या स्टार हॉर्न रॉयल क्लबला ३-१ असं हरवलं. स्टेडियम भरलेलं, देश खूश. आणि त्यानंतर काही आठवड्यांत ते जगज्जेते पाचही जण देश सोडून चिनी संघांत गेले. सॅमसंगचा ब्लू नावाचा दुसरा संघ होता, तोही गेला. चिनी मालक देत होते त्याच्या जवळपासही कोरियातला पगार नव्हता. त्यातच एका कंपनीनं दोन-दोन संघ ठेवायची पद्धत कोरियात बंद होत होती, म्हणजे जागाही कमी झाल्या. पोरं विशीच्या आसपासची. या खेळात बोटांचा वेग फार वर्षं टिकत नाही, आणि शिवाय कोरियात प्रत्येक मुलाला सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागते. कमवायचं ते चार-पाच वर्षांतच. त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं?

पुढच्या मे महिन्यात अमेरिकेत टॅलहॅसीला स्पर्धा झाली. चीनच्या ईडीजी संघानं कोरियाच्या एसके टेलिकॉम संघाला ३-२ नं हरवलं. ईडीजीत पॉन आणि डेफ्ट हे दोघे होते, म्हणजे सोलहून गेलेल्यांपैकीच. घरच्याच पोरांनी घर हरवलं. कोरियात तेव्हा काय वाटलं असेल, ते आमच्या गावाला विचारा.

पण नातवानं गोष्ट तिथं थांबवली नाही, आणि मला वाटतं खरी गोष्ट त्यापुढंच आहे. त्याच २०१५ च्या ऑक्टोबरात बर्लिनला जागतिक अंतिम लढत झाली, ती दोन कोरियन संघांतच. एका वर्षात कोरियानं नवी पोरं उभी केली होती, कारण शिकवणारे, सरावाची घरं आणि स्पर्धा गेलेल्यांबरोबर गेल्या नव्हत्या. ज्या सॅमसंगचा एकही गडी उरला नव्हता, त्याच सॅमसंगनं नव्यानं बांधलेला संघ ४ नोव्हेंबर २०१७ ला बीजिंगमध्ये, चीनच्याच भूमीवर, जगज्जेता झाला. आणि गेलेले? पॉन, डेफ्ट आणि त्यांच्याबरोबरच गेलेला ‘माता’ नावाचा गडी, असे तिघे परत आले. कोरियातल्या केटी रोल्स्टर संघानं त्यांना बोलावलं, तोलामोलाचे साथीदार दिले, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात त्या संघानं देशातली स्पर्धा जिंकली. परत आले म्हणून त्यांना कुणी संघाबाहेर ठेवलं नाही.

एक जण मात्र मुळात गेलाच नाही. ली संग-ह्योक, खेळातलं नाव फेकर. चीनकडून मोठमोठे आकडे समोर आले, तरी तो २०१३ पासून एकाच संघात आहे आणि त्यानं सहा वेळा जगज्जेतेपद मिळवलं आहे. माझ्या वयाच्या माणसाला अशा निष्ठेचा उमाळा येतोच. मलाही आला. मग नातवानं सांगितलं, “आजोबा, त्याच्या संघानं त्याला २०२० मध्ये मालकीतला वाटा दिलाय.” निष्ठा होती, आणि घरानं तिची किंमतही जाणली होती. आमच्या चढाईबहाद्दराला घराकडून यातलं काहीच मिळालं नाही.

आपल्याकडं कबड्डीचा बाजार भरला तो २६ जुलै २०१४ ला. प्रो कबड्डी सुरू झाली, कोरियातली ती पांगापांग झाली त्याच वर्षी. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला राकेश कुमार, १२ लाख ८० हजार रुपयांना. मातीवर अंग खरवडून घेणाऱ्या खेळाला लाखांत भाव येतो, हे खरं का, असं सुरगाण्याच्या बाजारात म्हातारी माणसं एकमेकांना पुन्हापुन्हा विचारत होती. पुढं तर मुंबईचा रिशांक देवाडिगा २०१८ साली १ कोटी ११ लाखांना उत्तर प्रदेशच्या संघाकडं राहिला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून ३६ लाख ४० हजारांत एक हंगाम खेळला आणि दुसऱ्याच वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाख ५० हजारांवर थांबली. नाशिकजवळच्या आडगावचा आकाश शिंदे पुणेरी पलटणकडून विजेता झाला, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, आणि पुढं बंगळूरूच्या संघाकडून खेळला. आडगावात कुणी त्याच्यावर रुसलं असेल असं मला वाटत नाही. हा बदल मला मनापासून आवडतो.

तसंच बाहेरचेही आपल्याकडं येतात. इराणचा फजल अत्राचली मुंबईत, पुण्यात खेळला. मोहम्मदरझा शादलूईला २०२३ मध्ये पुण्यानं २ कोटी ३५ लाख दिले. चिनी संघांत कोरियन पोरं, तशी पुण्याच्या संघात इराणची पोरं. पैशाच्या मागं जाणं हा एका देशाचा अवगुण असता, तर एवढी माणसं एवढ्या दिशांनी गेली नसती.

आणि नाशिकनं तर खेळाडूच काय, गुरूही दिला. शैलजा जैन. नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवून निवृत्त झालेल्या. भारतीय संघाला शिकवायची त्यांची इच्छा होती, संधी आली नाही. इराणनं बोलावलं आणि त्या गेल्या. भाषा शिकल्या, मुलींना योगासनं आणि प्राणायाम शिकवला, डोक्यावर ओढणी बांधून मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. २४ ऑगस्ट २०१८ ला जकार्तात आशियाई खेळांची अंतिम लढत झाली. इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं. त्याआधीची दोन्ही आशियाई सुवर्णं भारताच्या मुलींची होती. त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीसमोर दोन तट पडले. माझ्या सुनेला बाईंचा अभिमान वाटत होता, मुलगा म्हणत होता की आपल्याविरुद्ध कसं शिकवलं? मी सुनेच्या बाजूनं बसलो. ज्या घरानं पाट मांडला नाही, त्या घरानं पाहुणी दुसरीकडं जेवली म्हणून तक्रार करू नये.

पैसा आणि देश यांचा हा गुंता आमच्या डोंगरातल्या मुलीनं मैदानावर प्रत्यक्ष पळून पाहिला आहे. कविता राऊत ही हरसूलकडच्या सावरपाड्याची, म्हणजे आमच्या तालुक्यापासून पेठ ओलांडलं की तिचा मुलूख. लहानपणी पाण्यासाठी अनवाणी डोंगर तुडवलेली ही मुलगी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग यांच्या हाताखाली घडली. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिनं कांस्य मिळवलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई खेळांत त्याच अंतरात प्रीजा श्रीधरनला सुवर्ण, कविताला रौप्य, आणि तिसरी आली बहारीनची शिताये एशेते. बहारीनची म्हणायची, पण जन्म इथिओपियाचा. ५ हजार मीटरमध्ये तर सुवर्णच बहारीनला गेलं, तेही इथिओपियात जन्मलेल्या मिमी बेलेतेच्या पायांनी. प्रीजा दुसरी, कविता तिसरी. आखातातल्या श्रीमंत देशांनी पूर्व आफ्रिकेचे धावपटू आपले करून घेतले, त्यांच्यासोबत आमची सावरपाड्याची पोर धावत होती. तिचं घर सुटलं, पण नाशिकपुरतंच. तिला ओएनजीसीची नोकरी मिळाली, म्हणून ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनपर्यंत धावू शकली. इथिओपियात त्या दोघींना असं काही मिळालं असतं, तर त्यांनी बहारीनचा झेंडा अंगावर घेतला असता का?

जुन्या काळी आपल्याकडं बाहेर जाण्याची वाट ही नोकरीचीच होती. पोलीस भरती, सैन्य, रेल्वे, तेल कंपन्या, मुंबईतल्या कंपन्यांचे संघ. चांगला गडी राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या विरुद्ध रेल्वेकडून उतरायचा आणि लोक ते समजून घ्यायचे, कारण महिन्याचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन कुणाला नको? लिलावाचं तसं नाही. एक गुडघा गेला की बोली संपली. गड्यांना आता भाव आला आहे, पण आसरा कमी झाला आहे. नोकरी देऊन खेळाडू सांभाळण्याची ती जुनी रीत मला आजही लिलावाहून मोलाची वाटते.

मुलींचं तर अजून वेगळं. आमच्या आश्रमशाळांच्या पटांगणावर संध्याकाळी खो-खो बघा. पाटीवर बसलेली पोरगी खो मिळताच उठते आणि खुंटाला वळसा घालते, तो वेग डोंगर चढून आलेल्या पायांचा आहे. पण २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, ती पुरुषांची. ओडिशाच्या संघानं तेलुगू योद्धाजला एका गुणानं, ४६-४५ नं हरवून १ कोटीचं बक्षीस नेलं. दुसरा हंगाम कटकला झाला, तोही पुरुषांचा. कबड्डीतही २०१६ साली मुलींसाठी तीन संघांची स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली आणि एका वर्षात बंद पडली. आमच्या मुलींनी संघ सोडून जावं, अशी बोली लावणारंच कुणी नाही. बाहेर गेलेल्या पोरांबद्दल हळहळणाऱ्यांनी या मुलींकडं एकदा बघावं. त्या इथंच राहिल्या आहेत. त्यांच्यासाठी आपण काय केलं?

घरानं मनावर घेतलं तर काय होतं, तेही दिसलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर पुरुष संघाचा कर्णधार, प्रियंका इंगळे महिला संघाची, दोघं महाराष्ट्राची. दोन्ही संघांनी नेपाळला हरवून चषक जिंकले. महाराष्ट्र सरकारनं आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वा दोन कोटी रुपये आणि नोकरी जाहीर केली. कर्नाटकानं आपल्या दोन खेळाडूंना प्रत्येकी ५ लाख जाहीर केले, तेव्हा त्या दोघांनी महाराष्ट्राकडं बोट दाखवून ते नाकारले. खेळाडूच्या कामाला दाम मागणं यात लाजण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ते महाराष्ट्राच्या उदाहरणानं झालं, याचा मला आनंद आहे.

घरानं दुर्लक्ष केलं की माणूस बाहेर का बघतो, हे सुरगाण्याच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. २०२२ च्या अखेरीला आमच्या तालुक्यातल्या कित्येक गावांनी, आम्हाला गुजरातेत जाऊ द्या, असं निवेदन दिलं. रस्ते, पाणी, दवाखाना, वीज. पलीकडं डांगात दिसतं ते आमच्याकडं का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ती माणसं महाराष्ट्राची वैरी नव्हती. त्यांचा राग परक्यावर नव्हता, आपल्या माणसावर होता. मराठी मुलखावर त्यांची माया नसती, तर त्यांनी निवेदनच दिलं नसतं, गुपचूप निघून गेली असती. बाहेर जाणाऱ्या गड्याच्या मनातही असंच काही असतं, असं मला त्या निवेदनानंतर वाटू लागलं.

माझ्या आठवणीतलं काय गेलं, तेही सांगतो. आज नातू संघाचा नाही, गड्याचा चाहता आहे. गडी ज्या संघात जाईल तो संघ याचा. पुढच्या वर्षी बदलला तर हाही बदलतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. आम्ही ज्याच्यासाठी ओरडायचो त्याच्या घरी किती म्हशी आहेत ते आम्हाला माहीत असायचं. त्याच्या दुखऱ्या खांद्याला कुणाच्या आजीनं कुठला पाला बांधला, तेही. ती जवळीक लिलावात मिळत नाही आणि मोबाइलवरही नाही. तिची मला आठवण येते, आणि ती राखता यावी असंही वाटतं. पण ती जवळीक गड्याच्या उपाशी पोटावर उभी होती, हे विसरून ती मागता येणार नाही.

गावोगावी होळीचे, यात्रेचे सामने अजूनही भरतात. गॅसबत्त्यांच्या जागी दिव्यांचे खांब आले, पाहुण्यांचे फलक आले, ढाली माणसाच्या उंचीच्या झाल्या. मंडळांतल्या माझ्या पोरांना एवढंच सांगायचं आहे. यंदा वर्गणीचा कागद कराल तेव्हा मंडप, ध्वनिवर्धक आणि ढाल यांच्या आधी, अगदी पहिल्या ओळीत, गड्यांच्या मानधनाचा आकडा लिहा. त्याखालच्या ओळीत जखमी होणाऱ्याच्या दवाखान्याचा खर्च लिहा. आणि मुलींचा सामना लावा, बक्षीस मुलांइतकंच ठेवा. एवढं करूनही एखादा गडी बाहेर गेला, तर त्याला एसटी थांब्यापर्यंत पोचवायला जा, आणि होळीला त्याची जागा राखून ठेवा.